सातवं सूत्र

मी गिरडहून बोलते आहे. गिरड म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं, शेख फरीद बाबांच्या टेकडीचं गाव. टेकडीवर दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळ जणी येऊन गेल्या असतील. गेली नऊ वर्षं मी इथे महिला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचं आहे पोरांच्या शिक्षणावर. पण सुरुवात करते माझ्या एका चुकीपासून, कारण ती चूक मी एकटीनेच केली असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही कोणत्याही गटात असाल तर पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. झोपेतून उठवून विचारलं तरी आपण म्हणून दाखवू. पुढे उमेद अभियानात या पाचाची दहा झाली, त्याला आपण दशसूत्री म्हणतो. सहावं आरोग्याचं, सातवं शिक्षणाचं, मग पंचायतीत सहभाग, सरकारी योजना आणि शेवटी उपजीविका. आता खरं सांगा, बैठकीत पहिली पाच आपण जोरात म्हणतो आणि पुढची पाच? ती आगगाडीसारखी पळवतो. कारण पहिल्या पाचांचा हिशोब वहीत लिहावा लागतो, तपासनीस तो बघतो, बँक तो बघते. सातव्या सूत्राचा रकाना आमच्या वहीत नव्हताच.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, पण तिला विचारून सांगते आहे. घरी दीड एकर कोरडवाहू. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी आटोपली, की हाताला काम नाही. एका वर्षी नापिकी झाली आणि नवरा-बायको दोघंही नागपूरला बांधकामावर गेले. सोबत तिसरीतला मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. शहराच्या कडेला एका वस्तीत टिनाची खोली भाड्याने घेतली. दोन वर्षं तिथे राहिले.

या दोन वर्षांत तिची बचत एकदाही चुकली नाही. दर महिन्याला शंभर रुपये ती जावेच्या फोनवर पाठवायची, जाऊ बैठकीत आणून द्यायची. मी वहीत लिहायची, 'नियमित'. वार्षिक सभेत तर मी तिचं नाव घेऊन सांगितलं, "नागपूरला राहून ही बाई बचत चुकवत नाही, हिचा आदर्श घ्या." सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या.

मग ते कुटुंब गावी परत आलं. पहिल्याच बैठकीला ती मुलाला घेऊन आली. मुलगा सतरंजीवर आईला टेकून बसला होता. पाचवीच्या वयाचा, तरतरीत. मी सहज कौतुकाने कार्यवृत्ताची वही त्याच्या पुढे केली आणि म्हटलं, "वाच रे बाळा, मागच्या बैठकीत काय झालं ते." त्याने वहीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कान लाल झाले होते त्याचे.

ताई हळूच म्हणाली, "त्याले येत नाही जी वाचता. दोन वर्षं शाळेतच नाही गेला तो."

मी म्हटलं, "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही इचारलंच नाही ताई. दर महिन्याले फोन करत होत्या, पण बचतीचंच इचारत होत्या."

त्यात राग नव्हता. तिने आपलं जे होतं ते सांगितलं. पण त्या दिवशी मी घरी आले आणि स्वयंपाकात लक्ष लागेना. माझ्या वहीत ती आदर्श सदस्य होती. तिचे चोवीस हप्ते जमा होते आणि मुलाची दोन वर्षं बुडाली होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच वेळी घडत होत्या. मला त्यातली एकच दिसत होती.

नागपुरात शाळा नव्हती का? होती, खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. वडील मुलाला घेऊन गेलेही होते. तिथे सांगण्यात आलं, "गावच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू." दाखला आणायचा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार, वर एसटीचं भाडं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दिवाळी आली. तोवर धाकटीला सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं होतं. आई साइटवर विटा वाहत होती आणि हा खोलीच्या दारात बहिणीला घेऊन बसत होता. पुढे त्यालाच शाळेची भीती वाटायला लागली, की आता आपण गेलो तर पोरं हसतील.

नंतर दुसऱ्या एका कुटुंबाला भेटायला मी त्या वस्तीत गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते. एकाच नळावर बादल्यांची रांग होती आणि गल्लीत दहा-बारा पोरं खेळत होती. मोठी माणसं जवळजवळ कोणी नव्हती, सगळी कामावर. मी पोरांना विचारलं, शाळा कुठे आहे रे? सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं. शाळा कुठे आहे ते प्रत्येकाला माहीत होतं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण हे मला तेव्हा माहीत असतं तर एका फोनवर काम झालं असतं. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा आहे, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यात तीन गोष्टी आपल्यासारख्यांसाठी फार कामाच्या आहेत. पहिली, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही किंवा लांबवू शकत नाही. दुसरी, वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. आणि तिसरी, मूल मधली वर्षं शाळेबाहेर राहिलं असेल तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवायचं. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायचं नाही. वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी प्रवेश मिळतो.

पण कायद्याने मूल शाळेच्या आत जाईल. वाचायला शिकेल का, हा दुसरा प्रश्न. तो आम्हाला आमच्याच गावात पडला.

त्या ताईच्या मुलासाठी काहीतरी करायचं, असं आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं. सगळ्या जणी लगेच हो म्हणाल्या असं समजू नका. एक जुन्या सदस्य म्हणाल्या, "आपला बचत गट आहे, आपण का मास्तरीण आहोत?" दुसरी म्हणाली, "शाळेत मास्तर आहेत ना, सरकार त्यांले पगार देते." त्यांचंही चूक नव्हतं. शाळेचं काम शाळेनेच केलं पाहिजे. पण पोर आपलं आहे आणि वर्षं त्याची जात आहेत, हेही खरं होतं.

मग मी शोधायला लागले, की आपल्यासारख्या बायांनी असं कुठे केलं आहे का. तर केलेलं आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात. तीन गोष्टी थोडक्यात सांगते.

पहिली ताराबाई मोडकांची. त्यांनी 1945 साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरासमोरच्या अंगणात. आज आपण जिला अंगणवाडी म्हणतो, तो शब्द आणि ती कल्पना त्या अंगणातून आली.

दुसरी गोष्ट मुंबईची. 1988 साली रजनी परांजपे आणि त्यांच्या विद्यार्थिनी बीना शेठ-लष्करी यांनी डोअर स्टेप स्कूल सुरू केलं. नावातच आहे, दाराशी शाळा. झोपडपट्टीतली मुलं, पुढे पुण्यात बांधकामावरच्या मजुरांची मुलं, जिथे राहतात तिथेच वर्ग. जागा नसेल तर बसमध्ये वर्ग. आमच्या ताईचा मुलगा जसा खोलीच्या दारात बसून होता, तशा मुलांसाठीच हे काम आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रथम नावाच्या संस्थेचं काम सुरू झालं. त्यांच्या लक्षात आलं, की महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीपर्यंत पोचलेल्या पुष्कळ मुलांना साधं वाचता येत नाही. त्यांनी त्याच वस्तीतल्या मुली निवडल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांना दोन आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि नाव दिलं बालसखी. शाळेच्या वेळातच मागे पडलेली पंधरा-वीस मुलं तिच्याकडे रोज दोन तास बसायची. फक्त वाचन आणि साधं गणित. तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत.

याचा उपयोग होतो का, हे मुंबई आणि बडोद्यात 2001 ते 2003 या काळात नीट तपासलं गेलं. तपासणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. याच दोघांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना काय दिसलं? ज्या मुलांना सर्वांत कमी येत होतं, त्यांचाच फायदा जास्त झाला. आणखी एक दिसलं, तेही सांगितलं पाहिजे. उपक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातला बराच फायदा ओसरला होता. म्हणजे हे काम एक उन्हाळा करून सोडून द्यायचं नाही.

दहावी शिकलेली, वस्तीतलीच मुलगी. अशी मुलगी आपल्याकडे नाही का? प्रत्येक गटात आहे. कोणाची मुलगी, कोणाची सून. आमच्याकडे एका सदस्याची सून बारावी झालेली निघाली. ती घाबरली, म्हणाली, "मला कुठं शिकवता येते?" मी म्हटलं, तुला वाचता येतं ना, मग सुरू करू. नऊ गटांनी दरमहा शंभर-शंभर रुपये द्यायचा ठराव केला, म्हणजे तिला नऊशे रुपये. समाजमंदिराच्या ओसरीवर जागा मिळाली. संध्याकाळी सहा ते साडेसात.

पहिल्या दिवशी चौदा मुलं आली, तिसरी ते सहावीतली. आम्ही इयत्ता विचारलीच नाही. प्रत्येकाला एकेक करून बसवलं आणि वाचायला दिलं. आधी सोपी गोष्ट. ती जमली नाही तर चार ओळींचा परिच्छेद. तोही नाही तर सुटे शब्द. तेही नाही तर नुसती अक्षरं. दोन मुलांना गोष्ट आली. तिघं परिच्छेदावर थांबली, चौघं शब्दांवर आणि पाच जण अक्षरांवर.

आणि त्या चौदांतली अकरा मुलं गावाबाहेर कधी गेलेलीच नव्हती! रोज दप्तर घेऊन शाळेत जाणारी मुलं होती ती. त्यांच्या आयांना वाटत होतं, जाते ना शाळेत, मग येत असेल. मला शिक्षकांना दोष द्यायचा नाही. एकाच वेळी दोन-दोन वर्ग सांभाळायचे, वर इतर कामं. मागे राहिलेलं मूल गप्प बसतं, त्रास देत नाही, म्हणून ते कोणाच्या नजरेत येत नाही. जसं माझ्या नजरेत आलं नाही.

शिकवायला आम्ही महागाचं काही आणलं नाही. एसटीचं तिकीट, बियाण्याची पिशवी, मसाल्याचं पाकीट, दुकानाची पाटी, आईचं गटाचं पासबुक. जे घरात येतं ते वाचायचं. गणिताला चिंचोके आणि सोयाबीनचे दाणे. दहाच्या पुरचुंड्या बांधल्या, की दशक-एकक समजतं. त्या ताईचा मुलगा गणितात सगळ्यांत पुढे निघाला. नागपुरात दुकानातून सामान तोच आणायचा, सुट्टे पैसे त्याला पक्के येत होते. फक्त कागदावर मांडता येत नव्हते.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. कापूस फुटला तशी मुलं कमी झाली. टेकडीवर गर्दी असली की दुकानात बसायला जाणारी मुलं यायची बंद. तेरा वर्षांची एक मुलगी, छान वाचायला लागली होती, तीही थांबली. मी तिच्या आईकडे गेले. ती म्हणाली, "ताई, वेचणीचे किलोमागं पैसे मिळते. तिच्या हातचा वीस किलो कापूस तुम्ही वेचून देता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा प्यायले आणि परत आले.

दोन गोष्टी मात्र केल्या. वर्गाची वेळ वेचणीच्या दिवसांत सात ते साडेआठ केली. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या न देता वही आणि पेन्सिली दिल्या. वही घरात आली की कोणीतरी त्यात लिहायला मागतं. ती मुलगी संक्रांतीनंतर परत यायला लागली, आठवड्यातून तीन दिवस. रोज येत नाही. पण येते.

आता तुमच्यासाठी. तुम्ही गावात ऐकत असा, की नागपूर, बुटीबोरी, हिंगणघाटच्या एखाद्या खोलीत, चार गोष्टी सांगते.

एक. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी मुलाचं वाचन तपासता येतं. पोळ्या लाटताना त्याला समोर बसवा आणि न वाचलेलं पान मोठ्याने वाचायला सांगा. रोज दहा मिनिटं. अडखळत असेल तर कानाला कळतं. एकेक अक्षर तोडत असेल तर तेही कळतं. मग विचारा, काय झालं रे त्या गोष्टीत? सांगता आलं तर समजून वाचतं आहे. नाही सांगता आलं तर रागावू नका. शाळेत जाऊन बाईंना, गुरुजींना विचारा, याला कुठे अडतं?

दोन. कामासाठी गाव सोडणार असाल तर निघायच्या आधी शाळेत सांगा. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते मागून घ्या. आधार कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा. तिथे पोचलात की खोली बघण्याच्या आठवड्यातच जवळची शाळा बघा. धाकटं मूल असेल तर अंगणवाडी विचारा, म्हणजे मोठं मोकळं होईल. कोणी दाखल्यासाठी अडवलं तर मगाशी सांगितलेला कायदा सांगा, आणि गटाच्या ताईला फोन करा. फोनवर बोलायला मजुरी बुडत नाही.

तीन. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात चारात तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य बाया. त्या जागा आपल्या आहेत. नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. बैठकीत एकच प्रश्न विचारा, आपल्या शाळेतल्या किती मुलांना वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी काय चाललं आहे?

चार. मुलगी पाचवीच्या पुढे गेली आणि शाळा दुसऱ्या गावी असली, की शिक्षण तिथे तुटतं. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. शाळेतून अर्ज करा. भाड्यासाठी मुलगी घरी बसवू नका.

आणि माझ्यासारख्या गट चालवणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. आम्ही वहीत एक रकाना वाढवला आहे. बचत, कर्ज, परतफेड लिहून झालं की प्रत्येकीला विचारायचं, मूल शाळेत जातं का, आणि वाचतं का? दोनच प्रश्न. वीस बायांच्या बैठकीत दहा मिनिटं लागतात. बाहेरगावी गेलेल्या सदस्याला फोन केला, की आधी मुलाचं विचारायचं, मग बचतीचं.

मागच्या महिन्याच्या बैठकीत त्या ताईचा मुलगा पुन्हा आला होता. या वेळी मी वही पुढे केली नाही, त्यानेच मागितली. उभा राहून वाचायला लागला. 'मागील बैठकीचे' इथपर्यंत बरोबर वाचलं आणि 'कार्यवृत्त' या शब्दाला अडला. दोनदा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही, कोणी सांगितलंही नाही. तिसऱ्यांदा जमलं त्याला. जोडाक्षरं अजून कच्ची आहेत, हे तोच मला म्हणाला. पक्की व्हायला वर्ष लागेल. ते कुटुंब यंदाही दिवाळीनंतर नागपूरला जायचं म्हणतं आहे. या वेळी ताईने शाळेत आधीच सांगून ठेवलं आहे. आणि पहिला फोन मी कशासाठी करणार आहे, हे मी तिला सांगून ठेवलं आहे.